टाळूतून दिसणारा मेंदू

नमस्कार, श्रोतेहो. अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असतं आणि आई-बाबा डॉक्टरांना एकच विचारतात, "पुढे नीट वाढेल ना?" मेंदूच्या चित्रात याचं उत्तर किती सापडतं, ते आज सांगते.

आधी १९७८ सालची गोष्ट. मला ती फार मोलाची वाटते. अमेरिकेत डॉक्टर लू-अ‍ॅन पपाइल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोहून कमी वजनाच्या ४६ बाळांच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले. एवढ्याशा जिवाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तर बाळ ढासळेल, झटके येतील, आपल्याला कळेलच, असं वाटणं साहजिक होतं. आणि स्कॅनमध्ये काय दिसलं? ४६ पैकी २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव! त्यातली नऊ बाळं वाचली. या नऊपैकी सात बाळांमध्ये वरून रक्तस्रावाची एकही खूण नव्हती. पुन्हा सांगते, नऊपैकी सात. सतत नजरेखाली असलेली बाळं, आणि तरी कुणाला पत्ता नाही! याच अभ्यासातून रक्तस्रावाच्या चार पायऱ्या ठरल्या. रिपोर्टवर 'ग्रेड' लिहितात ना, त्या याच.

पुढे सोनोग्राफी आली. टाळू अजून मऊ असते, तिथूनच मेंदू दिसतो. बाळाला पेटीतून हलवावंही लागत नाही. (त्या पेटीशेजारी आईला बसायला एक खुर्ची हवीच. लाखोंची यंत्रं घेणाऱ्यांना तेवढं सुचायला हवं.)

एमआरआय आणखी बारकावे दाखवतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १६७ बाळांच्या अभ्यासात, मेंदूच्या पांढऱ्या भागात जास्त बिघाड दिसलेली मुलं दोन वर्षांची झाल्यावर हालचालीत आणि आकलनात मागे पडण्याची शक्यता जास्त दिसली. शक्यता, बरं का. बिघाड दिसलेली सगळीच मुलं मागे पडली नाहीत, आणि चित्र स्वच्छ असलेली काही पडली.

म्हणून रिपोर्ट कसाही असो, तिसऱ्या ते पाचव्या महिन्यातली तपासणी चुकवू नका. महिने मोजायचे ते प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून. उताण्या बाळाच्या हातापायांची, मानेची बारीक चुळबुळ डॉक्टर नुसती बघतात. ती दिसलीच नाही, तर व्यायामोपचार लगेच सुरू करता येतात.