सीड मनी येतो, पण भात कापून झाल्यावर

बेळगावातनं निपाणीच्या बाजूला निघालं की हायवेला भूतरामनहट्टी लागतं, लोकांना माहीत ते प्राणिसंग्रहालयामुळं, आणि तिथंच राणी चन्नम्मा विद्यापीठ. 2010 ला स्वतंत्र झालं, त्याआधी हे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पीजी सेंटर होतं. इंजिनिअरिंगवाल्यांचं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, वेगळं, ते 1998 चं.

आता संशोधनाच्या प्रोजेक्टला पैसे कोण देतं? मोठं काम असलं तर दिल्ली. संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ पूर्वी एसईआरबी होतं, 2023 च्या कायद्यानं त्याच्या जागी एएनआरएफ आलं. पण समजा कुणा प्राध्यापकाला येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या बेळगाव बासमतीवर काम करायचंय, जुनं बी अजून कुणाच्या घरात आहे, म्हातारी माणसं काय सांगतात ते रेकॉर्ड करायचंय. हातात आधीचा डेटाच नाही, मग दिल्लीत असल्या अर्जाला कोण विचारतंय?

अशा कामाला विद्यापीठाचाच पैसा लागतो. सीड मनी, म्हणजे काम सुरू करायला विद्यापीठानं स्वतःच्या प्राध्यापकाला दिलेली छोटी रक्कम. नॅक, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणारी संस्था, त्याबद्दल विचारत आलीय, त्यामुळं पॉलिसी छापून तयार असते, कधीकधी तेवढीच असते! आणि हा घरचा पैसा म्हणजे तरी काय, कॉलेजांची अफिलिएशन फी आणि पोरांची परीक्षा फी, म्हणजे खानापूरच्या बीएच्या पोरानं भरलेलं पण त्यात थोडंफार आलंच की.

खरी गोची तारखांची आहे. इथं भाताची पेरणी रोहिणी-मृगात, कापणी दिवाळीच्या आसपास, आणि प्रपोजल, कमिटी, प्रेझेंटेशन, फायनान्सची सही असं करत पैसे जानेवारी-फेब्रुवारीत आले तर शिवारात बघायला उरतं काय? वर 31 मार्चच्या आत खर्च दाखवा, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे त्याच कामाला वापरल्याचा दाखला, द्या. मग लॅपटॉप-प्रिंटर घेतला जातो, त्याचं जीएसटी बिल मिळतं ना. दिवसभर बांधाबांधानं फिरवणाऱ्या आजोबांच्या हातात ठेवलेल्या पैशाचं बिल कुठनं आणायचं?

मला विचाराल तर रक्कम राहू दे तेवढीच, पैसे मे महिन्यात द्या, आणि फील्डवरचा किरकोळ खर्च साध्या व्हाउचरवर चालवून घ्या. अजून एक, मुलाखती मराठीत होणार आणि रिपोर्ट इंग्रजीत, मधलं सगळं टायपिंग-भाषांतर पीएचडीच्या पोरांकडनं फुकटात करून घ्यायची सवय सगळीकडंच आहे. बजेटमध्ये त्याला वेगळी ओळ टाका की. मराठी-कन्नड-इंग्रजी तिन्ही येणारी एमएची पोरं बेळगावात गल्लोगल्ली आहेत, त्यांना पानामागं पैसे द्या.