लाल-पांढरी पट्टी दिसली म्हणून सायकल घालू नका! नास्बिनाल ते कोंक, माउंटन बाइकवर

नमस्कार मंडळी! फ्रान्समधल्या ओब्राक पठाराच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न विचारून विचारून मला भंडावून सोडलंय. "दादा, जीआर 65 सरळ फॉलो केला तर चालेल ना?" जीआर 65 म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली लांब पल्ल्याची पायवाट.

चालेल की. पायी गेलात तर अगदी मस्त चालेल. सायकलवर मात्र काही ठिकाणी असा घाम फुटेल की दादाला शिव्या घालाल. म्हणून आजचा हा व्हिडिओ.

आधी बेसिक गोष्टी पटापट उरकतो, त्या तुम्हाला माहीत असणारच. मध्य फ्रान्समध्ये ल प्वी नावाचं गाव आहे. ज्वालामुखीच्या सुळक्यावर, 268 पायऱ्या चढून जायचं 10व्या शतकातलं चॅपेल आहे, तेच ते. तिथून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट निघते. ल प्वीचा बिशप गोडेस्काल्क 950 साली याच गावातून निघाला होता. आजचा जीआर 65 बहुतांशी त्याच यात्रेच्या वाटेनं जातो. आपण पूर्ण वाट करत नाही. आपला तुकडा नास्बिनाल ते कोंक, साधारण 80-90 किलोमीटर. दमदार असाल तर दोन दिवस, फोटो काढत जाणार असाल तर तीन. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, चालते, टायर जाड हवेत, ब्रेकपॅड नवीन हवेत. हेल्मेट बारा वर्षांखालच्या मुलांना कायद्यानं सक्तीचं आहे, बाकीच्यांनी अक्कल वापरायची. लोकल ट्रेनमध्ये, म्हणजे टीईआरमध्ये, सायकल उभी नेता येते. टीजीव्हीमध्ये, म्हणजे वेगवान ट्रेनमध्ये, सायकलची जागा नसेल, तर चाकं काढून 130 बाय 90 सेंटीमीटरच्या पिशवीत बसवायची. झालं.

आता मुद्द्याचं बोलू.

(पट्टीचा फोटो स्क्रीनवर)

ही बघा. वर पांढरी, खाली लाल. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर, कुठेही दिसेल. फ्रान्सच्या पदभ्रमण महासंघाचे स्वयंसेवक ही रंगवतात. कुणासाठी? चालणाऱ्यांसाठी. याच दोन रंगांची फुली दिसली तर इकडे जाऊ नका. एवढंच ती पट्टी सांगते, वाट कुठे जाते. वाट कशी आहे, हे ती सांगत नाही. पुढे डांबर आहे, शेताची बैलवाट आहे की गुडघाभर दगडांचा ओढा आहे, पट्टी सगळीकडे तीच.

सायकलची खूण वेगळी असते. एक त्रिकोण आणि त्याला चिकटून दोन गोल. फ्रेंच सायकलिंग महासंघाची खूण आहे ही. हिरवी असेल तर अगदी सोपी, निळी सोपी, लाल अवघड, काळी फारच अवघड. सोबत सर्किटचा नंबर. ही खूण लावणाऱ्यानं चाकांचा विचार केलेला असतो.

लगेच खाली कमेंट येणार, "म्हणजे जीआरवर सायकलला बंदी आहे का?" नाही हो. मागच्या वेळी यावरून तुमच्यातच जुंपली होती. जीआर हे फक्त आखलेल्या मार्गाचं नाव आहे. त्या मार्गात गावचे रस्ते येतात, शेतवाटा येतात, पाऊलवाटा येतात. सरसकट बंदी नाही. जिथे स्थानिक बंदी असते तिथे पाटी असते, ती पाळायची. मी कायद्याचं बोलतच नाहीये, मी तुमच्या गुडघ्यांचं बोलतोय.

नास्बिनालपासून सुरुवात करू. इथून सां-शेलीपर्यंतचा साधारण 17 किलोमीटरचा टप्पा युनेस्कोच्या यादीत आहे, 1998 पासून. पहिला अर्धा भाग म्हणजे स्वर्ग. उघडं पठार, उंची तेराशे मीटरच्या वर, दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे गडगे, आणि डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या दिसणाऱ्या बदामी रंगाच्या ओब्राक गाई. कुरणातून जाताना फाटक लागतं. उघडलं की मागे लावायचं. कुणी बघत नसलं तरी लावायचं. पठारावरच्या ओब्राक गावात 12व्या शतकात यात्रेकरूंसाठी मठ आणि धर्मशाळा उभी राहिली. तिथल्या चर्चमध्ये एक घंटा आहे, 'हरवलेल्यांची घंटा' म्हणतात तिला. धुकं उतरलं की ती वाजवत राहायची, म्हणजे पठारावर भरकटलेला माणूस आवाजाच्या रोखानं येईल. तिथलं धुकं एकदा पाहिलंत की ही गोष्ट पर्यटकांसाठी रचलेली नाही हे पटतं. मी पाहिलंय, दहा फुटांवरची गाय दिसत नव्हती, फक्त तिच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

आणि मग उतार. ओब्राकहून सां-शेलीला उतरताना वाट सुमारे पाचशे मीटर खाली येते. बेसाल्टचे सुटे दगड, मध्ये पाण्यानं खणलेली घळ. कोरड्या दिवशी, हात तयार असतील तर मजा. पावसानंतर तेच दगड साबणासारखे होतात. माझ्या ग्रुपमधला एक मुलगा, सायकल उत्तम चालवतो, पण "पट्टी आहे ना, मग रस्ता आहे" यावर ठाम. बॅगा लादलेली सायकल तासभर खांद्यावर घेऊन उतरला. आम्ही डांबरी रस्त्यानं खाली येऊन कॉफी संपवली तरी याचा पत्ता नाही.

सां-शेलीचा छोटा दगडी पूल बघा, त्याच्यावरच्या क्रूसाच्या पायथ्याशी एक दगडी यात्रेकरू कोरलाय. मग सां-कोम, तिथल्या चर्चचा मनोरा पिळलेला आहे, फोटोत वाकडा आला म्हणून परत काढू नका. एस्पालियोंला लोत नदीवरचा जुना पूल. पुढे एस्तांचा किल्ला. हा 2005 साली माजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तां यांनी भाऊ आणि चुलतभावाबरोबर विकत घेतला. आडनाव एस्तांचं आणि किल्लाही एस्तांचा, पण घेतला रोख पैसे मोजून! हा नदीकाठचा भाग सायकलला सोपा आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

आता दुसरा प्रकार, मोबाइलवाले. "दादा, आम्ही पट्ट्या बघतच नाही, आमच्याकडे जीपीएक्स आहे, वाटेची जीपीएस फाइल." अरे, ती फाइल कुणी बनवली? बहुतेक वेळा चालणाऱ्यानंच. म्हणजे तीच पट्टी तुम्ही भिंतीवरून खिशात घेतलीत. स्क्रीनवर डांबर आणि दगडांची घळ एकाच निळ्या रेघेनं दिसतात. त्यापेक्षा घरी बसून आयजीएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा, 1:25,000 चा नकाशा उघडा, ऑनलाइन फुकट बघता येतो. जीआरची जाड रंगीत रेघ दिसेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा आणि तिच्याखाली काय छापलंय ते बघा. सलग बारीक रेघ म्हणजे शेतवाट, ट्रॅक्टर जातो. तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट. तुटक रेघ, आणि तिला आडव्या कापणाऱ्या समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या, असं जिथे दिसेल तिथे पेन्सिलनं गोल करा आणि शेजारचा छोटा रस्ता शोधा. जवळपास प्रत्येक ठिकाणी सापडतो. अर्ध्या तासाचं काम आहे. टायरच्या रुंदीवर तीन-तीन दिवस वाद घालता, मग नकाशाला अर्धा तास द्यायला काय होतं?

अशी रेघ तुम्हाला नक्की सापडेल ती कोंकच्या डोक्यावर. सेनर्ग गाव सोडलं की धारेवरून मजेत जाता, आणि शेवटी वाट एकदम दरीत पडते. अरुंद, खडकाळ, दोन्ही बाजूंना झाडी, आणि समोरून-मागून पाठीवर सॅक घेतलेली माणसं. इथे डांबरी रस्त्यानं उतरा. प्लीज. गावाचा पहिला देखावा चुकेल असं वाटतं ना? नाही चुकत. काळ्या पाटीच्या दगडाची छपरं रस्त्यावरूनही दिसतात.

आणि लवकर पोचलात तर गावाला वेळ देता येतो. सांत-फ्वाचं, म्हणजे संत फ्वाचं, हे चर्च 11व्या-12व्या शतकातलं. 1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे आले तेव्हा ते मोडकळीला आलेलं होतं, त्यांच्यामुळे ते वाचलं. दारावरचं शिल्प म्हणजे अंतिम न्यायाचा देखावा, 124 आकृत्या. एका बाजूला स्वर्ग, सगळे शहाण्यासारखे ओळीत उभे. दुसऱ्या बाजूला नरक, आणि खरं सांगायचं तर शिल्पकाराचा जीव तिकडेच रमलाय. गळ्यात पैशाची थैली अडकवून फासावर लटकलेला कंजूष शोधा. मग कमानीच्या कडेला बघा, दगडी पट्टीआडून डोकावणारे छोटे चेहरे आहेत. मला तेच सगळ्यात आवडतात. आत खिडक्यांना रंगीत काच नाही, पियेर सुलाज या चित्रकारानं केलेली दुधी काच आहे, 1994 पासून. काहींना ती अजून पटत नाही. संध्याकाळी उशिरा आत बसा आणि मग ठरवा.

शेजारी खजिना आहे, संत फ्वाची सोन्यानं मढवलेली मूर्ती. तिचे अवशेष इथल्या एका साधूनं 9व्या शतकात आजाँ गावातून चक्क पळवून आणले. राज्यक्रांतीच्या काळात गावकऱ्यांनी हा खजिना घराघरांत लपवला, आणि धोका टळल्यावर परत आणून दिला.

आता कोंकच्या डोक्यावरच्या त्या उताराबद्दल शेवटचं. मला ठाऊक आहे, तुमच्यातले काही जण तो उतार सायकलवरून सफाईनं उतरतील. व्हिडिओही पाठवाल. पण त्या वाटेवर साठी-सत्तरीची माणसं काठी टेकत चाललेली असतात, त्यातली कित्येक ल प्वीपासून दहा-बारा दिवस चालून आलेली. वारीच्या दिंडीत मागून हॉर्न वाजवत बाइक घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? तेच ती माणसं फ्रेंचमध्ये म्हणतात. म्हणून जिथे वाट एकच आहे तिथे लांबूनच "बोंजूर" म्हणायचं, वेग मोडायचा, गरज पडली तर उतरायचं. हळू घंटी वाजवली तर दचकतात, माणसाच्या आवाजानं दचकत नाहीत. आणि याचा स्वार्थही आहे. या वाटेवरच्या काही मुक्कामांच्या जागी, त्यांना जीत म्हणतात, चालणाऱ्यांना आधी पलंग देतात, सायकलवाल्याला नंतर. आधीच फोन करा आणि सायकलवर आहोत हे स्पष्ट सांगा.

उरलेल्या कमेंट्स.

"पाणी?" गावाची दफनभूमी शोधा. हसू नका, तिथे फुलझाडांसाठी नळ असतो आणि फ्रान्समधले सगळे सायकलवाले तिथेच बाटली भरतात. फक्त 'ओ नों पोताब्ल' असं लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही.

"जेवण?" बारा ते दोन. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, दुकानही बहुतेक बंद. वाद घालून उपयोग नाही.

"व्हेज मिळतं का?" ओब्राकवर आलिगो खा. उकडलेल्या बटाट्यात ताजं तोम चीज, लोणी, लसूण, आणि चमचा वर केला की हातभर तार. सोबत सॉसेज देतात, ते नको म्हणायचं. पण इथलं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं लावतात, कट्टर असाल तर हे माहीत असू द्या. नंतर मला आजीची शपथ घालू नका.

"शरद ऋतूत आलो तर?" रंग सुंदर असतात, पण सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम. भडक नारिंगी जाकीट घाला. वाटेत शिकार सुरू असल्याची पाटी दिसली तर मागे वळा.

"ई-बाइक चालेल का?" 250 वॉट, पेडल मारल्यावरच मदत, 25 च्या वेगाला मोटर बंद, अशी असेल तर ती सायकलच. वेगाचं कुलूप तोडलेली असेल तर कायद्याच्या दृष्टीनं ती मोपेड, मग नोंदणी आणि विमा आला. चार्जिंगला जीतमध्ये विचारूनच प्लग लावायचा, काही ठिकाणी पैसे घेतात. आणि कोंकहून परतताना ट्रेन रोदेझला पकडायची, तिथपर्यंत सायकलनं सुमारे 40 किलोमीटर, त्यात दरीतून वर यायची चढण आहे. त्या सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा.