एकरी किती पोती?

मघाशी पहिल्या रांगेतून प्रश्न आला, ‘करडईला एकरी किती पोती खत टाकायचं?’ त्याकडे येतो. पण आधी मला उलट विचारू द्या: पोतं रिकामं झालं, ते खत जमिनीत किती बोटं खाली गेलं?

एकदा काढणीच्या वेळी मी करडईचं झाड खणून काढलं. (उपटायला गेलो होतो, काट्यांनी लगेच शहाणं केलं.) मूळ सरळ खाली, कुदळ पुरेना इतकं खोल. आणि वरच्या दोन बोटं मातीत, पेरणीनंतर फेकलेल्या डीएपी खताचे दाणे अजून दिसत होते. पिकाचं तोंड खाली ओलीत, ताट वर धुळीत!

डीएपीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पडल्या जागेवरून फारसं हलत नाही. मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं, आणि कोरड्या मातीत मूळ जात नाही. म्हणून कोरडवाहूत खत पेरायचं असतं, फेकायचं नसतं. दोन चाड्यांची पाभर घ्या, म्हणजे बी एका तोंडातून आणि खत दुसऱ्या तोंडातून पेरणारी. खत बियाण्याच्या खाली आणि जरा बाजूला पडू द्या. बियाण्याला चिकटून नको, ओल कमी असली की कोंब जळतो. युरिया कोरड्या रानावर फेकला तर त्यातलं थोडं नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेतच जातं.

नत्राची आणखी एक गंमत आहे. जास्त दिलं की पीक हिरवंगार होतं, बघणारा खूश. पण साठवलेल्या ओलीवरचं पीक म्हणजे एकाच हंड्यावर काढायचा उन्हाळा. पानांनी हंडा आधीच रिता केला तर दाणा भरायच्या वेळी काय उरणार? शिवाय नत्र वाढलं की दाण्यात प्रथिनं वाढतात आणि तेलाचा टक्का उतरतो.

तेलाचा विषय निघाला की गंधक आलंच, आणि हे आपण हमखास विसरतो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद, गंधक नाही. तेवढंच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचं तर जवळजवळ तीन गोण्या वाहाव्या लागतात. पाठ दुखते, कबूल. पण त्यासोबत पंधराएक किलो गंधक फुकट येतं.

भुईमुगाला चुना, म्हणजे कॅल्शियमही लागतं. आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली येणारे शेंग धरणारे देठ, जमिनीत शिरल्या की वाढती शेंग स्वतःच भोवतालच्या मातीतून कॅल्शियम घेते. मुळांनी घेतलेलं तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. ते कमी पडलं की शेंगा पोचट. कॅल्शियम देणारं जिप्सम म्हणूनच आऱ्यांच्या वेळी, झाडाच्या बुडाशी.

आता तुमची पोती. माती तपासणीचा कागद असेल तर आकडा त्यातून घ्या. पण पेरणीआधी रानात चार-पाच ठिकाणी लोखंडी गज दाबून बघा. ओल्या मातीत तो सरकतो, कोरड लागली की अडतो. वीतभरावरच अडला तर नत्राला हात आखडता घ्या, स्फुरद-गंधक मात्र पेरून द्या. हातभर गेला, तर कागदावरचा पूर्ण आकडा.