हरकत आली तेव्हा

मंडळी, तत्त्वज्ञ आणि तत्त्वज्ञान पाजळणारा यांत फरक काय, हे सांगताना 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण आज मी बाजूला ठेवतो. ती ढोंग्याला पकडते. पण तत्त्वज्ञान पाजळणारा ढोंगीच असतो असं नाही. तो बोलतो तसा वागतही असेल. तरी तो तत्त्वज्ञ नव्हे, कारण त्याच्याकडे उत्तरं आहेत, पण प्रश्न त्याला पडलेलाच नाही.

प्लेटोच्या एका संवादातला युथिफ्रो बघा. स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालाय. बापाने एका मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं, तो तिथेच मेला. खटला भरणं हेच धर्माचं, याबद्दल युथिफ्रोला तिळमात्र शंका नाही. सॉक्रेटिस विचारतो, धर्म्य म्हणजे काय? युथिफ्रो म्हणतो, देवांना प्रिय ते. सॉक्रेटिस म्हणतो, मग देवांना प्रिय म्हणून ते धर्म्य, की धर्म्य म्हणून देवांना प्रिय? एकेक व्याख्या ढासळत जाते आणि शेवटी हा गृहस्थ घाई आहे म्हणून निघून जातो! ज्या शब्दाच्या जोरावर बापाला आरोपी केलं, त्या शब्दाचाच पत्ता लागत नाहीये, आणि याला घाई. त्या संवादात मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

आता जर्मन गणिती आणि तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे. अंकगणित निव्वळ तर्काच्या पायावर उभं करायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली आला. दुसरा छापखान्यात असताना, जून १९०२ मध्ये, तिशीच्या तरुण ब्रिटिश तत्त्वज्ञाचं, बर्ट्रंड रसेलचं पत्र आलं. जे संच स्वतःच स्वतःचे घटक नाहीत, अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? 'आहे' म्हणावं तर 'नाही' ठरतं, 'नाही' म्हणावं तर 'आहे'. फ्रेगेच्या नियमांतून असा संच निघत होता. म्हणजे पायालाच तडा.

फ्रेगेने काय केलं? पत्र दाबून ठेवता आलं असतं. रसेल तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. फ्रेगेने आठवड्याच्या आत उत्तर लिहिलं. आपण हादरलोय हे कबूल केलं, आणि हा शोध तर्कशास्त्राला पुढे नेईल असंही म्हटलं. मग १९०३ च्या दुसऱ्या खंडाला परिशिष्ट जोडलं: इमारत पूर्ण झाल्यावर तिचा पाया हलला आहे, रसेलच्या पत्राने मला या परिस्थितीत आणलं आहे. स्वतःच्याच ग्रंथाच्या शेवटी, स्वतःच्या हाताने! मी ते परिशिष्ट पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

माणूस म्हणून फ्रेगे थोर नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच्या रोजनिशीत ज्यूंविषयी विखार आहे, आणि मी त्याची सारवासारव करणार नाही. मी बोलतोय ते हरकतीशी तो कसा वागला याबद्दल.

परिशिष्टात सुचवलेली डागडुजीही टिकली नाही. मग तर्काच्या पायावर अंकगणित, ही मूळ कल्पनाच त्याने सोडून दिली. १९२५ मध्ये तो गेला. त्याच्या अखेरच्या टिपणांत, पंच्याहत्तरी उलटलेला हा माणूस अंकगणिताचा पाया भूमितीत सापडतो का, हे पहिल्यापासून तपासत होता.