एका धाग्याचा मोजा

(पडदा काळा. फक्त सुयांचा आवाज.)

हा आवाज धातूच्या सुयांचा आहे. सुया पाच, प्रत्येकीची जाडी अडीच मिलिमीटर, आणि प्रत्येकीला दोन्हीकडे टोक. चार सुयांवर मिळून ६४ टाके बसले आहेत, एकेकीवर १६. पाचवी मोकळी. ती शेजारणीचे सोळा टाके विणून स्वतःवर घेते, तोवर शेजारीण मोकळी होते आणि पुढच्या सुईच्या कामाला लागते. असं चारदा झालं की एक फेरी.

(बसची खिडकी. मांडीवर कापडी पिशवी.)

विणणारी १९ वर्षांची आहे. कॉलेजला जाताना बसच्या डाव्या अंगाची, खिडकीजवळची जागा मिळाली तरच पिशवीतून मोजा बाहेर निघतो. ती डावखुरी आहे. शेजारच्याला कोपर लागू नये, एवढंच कारण. जाताना पाच फेऱ्या, येताना पाच. उभं राहावं लागलं तर शून्य.

विणायला ती व्हिडिओ बघून शिकली. पण शिकवणारे बहुतेक उजव्या हाताचे. तिनं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून घेतलं, वेग निम्म्यावर आणला आणि एकच टाका कितीतरी वेळा पाहिला.

(टेबलावर विणलेला पिवळा तुकडा. कॅमेरा जवळ जातो.)

हा तिचा पहिला तुकडा. खाली रुंदी कमी, वर जास्त. सुरुवात २० टाक्यांनी झाली, शेवटी मोजले तर २७. वाढलेले सात टाके कडेला जन्मले. ओळ संपवून सुई फिरवताना धागा सुईवरून मागे गेला, की कडेचा टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. नवखा हात ते दोन्ही विणतो. हा तुकडा तिनं उसवलेला नाही. बाकी जवळजवळ सगळं, कधी ना कधी, उसवलं आहे.

(लोकरीचा गुंडा. धागा हळूहळू सुटतोय.)

इथं थोडं थांबू या. मराठीत मागावर कापड होतं त्यालाही आपण विणणं म्हणतो आणि सुयांवर स्वेटर होतो त्यालाही विणणंच. पण दोन्हींची जात वेगळी आहे. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. सुयांवर आडवा नाही, उभा नाही. एकच धागा असतो. तो स्वतःच्याच फासातून पुढचा फास काढत जातो. म्हणून मोजा ताणला जातो: ताणताना धागा लांबत नाही, फास आकार बदलतात. आणि म्हणूनच शेवटचं टोक मोकळं करून ओढलं, तर अख्खा मोजा पुन्हा धागा होतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेली लाल लोकरी मोज्यांची जोडी आहे. अंगठ्याला वेगळा कप्पा असलेली, सोळाशे वर्षांहून जुनी. पाहणाऱ्याला वाटतं, विणलेलीच आहे. पण ती नाकाच्या एकाच सुईनं केली आहे, आणि त्या पद्धतीत प्रत्येक फासातून धाग्याचं सगळं शेपूट ओढून बाहेर काढावं लागतं. काम फार सावकाश होतं आणि धागा लहान लहान तुकड्यांत घ्यावा लागतो. ते मोजे एक टोक ओढून उसवत नाहीत. सुयांवरचं, आज आपण करतो ते विणकाम इजिप्तमध्येच नंतरच्या काळातल्या सुती मोज्यांत दिसतं, निळ्या-पांढऱ्या नक्षीचं. म्हणजे मोजा आधीही होता. पुढे आली ती सहज उसवता येण्याची सोय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

(टेबल. दिव्याखाली हात. मोज्याचा घोटा पूर्ण झालेला.)

आता टाच. मोज्यातली ही एकच जागा अशी आहे, जिथे गोल फिरणारी फेरी थांबते.

६४ पैकी ३२ टाके तसेच राखून ठेवले जातात, तो पावलाचा वरचा भाग. उरलेल्या ३२ टाक्यांवर ती आता मागे-पुढे विणते. इतका वेळ प्रत्येक टाका सुलट होता. गोल विणताना कामाची सुलट बाजूच समोर राहते. पण टाचेत दर दुसऱ्या ओळीला काम फिरतं, मागची बाजू समोर येते आणि उलट टाका घ्यावा लागतो. दर ओळीचा पहिला टाका ती न विणताच सुईवरून सरकवते. ३२ ओळी झाल्या की दोन्ही कडांना सोळा-सोळा मोठे, स्वच्छ फास दिसतात. साखळीसारखे. ते पुढे उपयोगाला येणार आहेत.

आणि मग वळण. या शॉटवर आम्ही संपादनात कात्री चालवली नाही.

ती ओळ विणायला घेते, पण पूर्ण करत नाही. शेवटचे १२ टाके सुईवर तसेच ठेवून मधूनच परत फिरते. उलट बाजूनंही तेच: १२ टाके शिल्लक ठेवून परत. पुढच्या ओळीला थोडं पुढे, जिथून मागच्या वेळी फिरली होती तिथली फट दोन टाके एकत्र विणून बुजवायची, आणखी एक टाका घ्यायचा, परत फिरायचं. मधला भाग जास्त वेळा विणला जातो, कडेचा कमी. म्हणून मधे कापड जास्त होतं. जास्तीच्या कापडाला जागा हवी असते, ते बाहेर फुगतं. कुठे शिवण नाही, कुठे कापलेलं नाही, आणि सपाट पट्टीला वाटीसारखा खोलगट आकार आलेला आहे. ३२ चे २० टाके उरतात.

मग दोन्ही कडांच्या साखळीतून १६ आणि १६ टाके उचलायचे. राखून ठेवलेले ३२ धरून झाले ८४. एका आड एक फेरीत दोन-दोन कमी करत पुन्हा ६४. फेरी पुन्हा गोल.

(तीच टाच, उजेडात. ती बोटानं कुठेतरी दाखवते.)

इथे चूक आहे. वळणाची वाटी मधोमध नाही, एका अंगाला सरकली आहे. एका बाजूला १२ ऐवजी १० टाके शिल्लक ठेवून ती फिरली होती. हे लक्षात आलं तेव्हा पाऊल निम्मं विणून झालं होतं.

(सुया बाजूला. धागा ओढला जातोय. इथे निवेदन नाही.)

हा हिरवा धागा पाहा. टाच सुरू करण्याआधी दाभणानं तिनं तो सगळ्या ६४ टाक्यांतून ओवून ठेवला होता. उसवण इथवर येते आणि थांबते. टाके हिरव्या धाग्यावर तसेच बसलेले. एकेक सुई घालून ते परत उचलायचे.

उसवलेली लोकर कुरळी होते. टाक्यांचा आकार ती सोडत नाही. लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून ती टांगून ठेवली की वाळताना सरळ होते. त्या रात्री तिनं तेच केलं.

(कपाट. निळा स्वेटर.)

हा स्वेटर मापाला चुकला. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले होते. तिच्या हाताला २० बसत होते, आणि आधी लहान तुकडा विणून तिनं ते तपासलं नाही. २२० टाक्यांचा घेर १०० सेंटिमीटर यायचा, तो ११० आला. बाही किंचित फिकी दिसते, कारण ती लोकर दुसऱ्या लॉटची आहे. रंगाचं नाव तेच, रंग तोच नाही. तिचे वडील हा स्वेटर घालतात.

परीक्षेच्या आधी मनगट दुखायला लागलं, तेव्हा दोन आठवडे सुया बंद होत्या. आता ती तासाभरानं थांबते.

(चवडा. दाभण. शेवटचे टाके.)

मोजे विकत मिळतात. इंग्लंडमध्ये विल्यम लीनं १५८९ साली मोजे विणणारं यंत्र तयार केलं, तेव्हापासून मोज्यासाठी हाताला पर्याय आहे. तरी एका मोज्यात नऊ हजारांच्या आसपास टाके घालून, त्यांतले काही हजार पुन्हा उसवून ही मुलगी जे शिकली, ते शिकायला दुसरा रस्ता मला माहीत नाही. या टाचेत पायाचा आकार आहे, आणि तो आकार कसा आला हे तिला टाक्या-टाक्यानं सांगता येतं.

चवड्याचे समोरासमोरचे टाके ती दाभणानं जोडते. दाभण ज्या वाटेनं जातं ती विणीचीच वाट आहे. सांधा दिसत नाही.

(ओला मोजा टॉवेलवर. बाजूला पाच सुया, नवा गुंडा.)

मोजा एकच झाला आहे. दुसऱ्यासाठी ती टाके घालते आहे, हलक्या आवाजात मोजत. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट. मग सुरुवातीपासून, पुन्हा एकदा मोजते.