लांब एचडीएमआय केबलने चित्र फिकं पडतं का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "दहा मीटरची केबल लावली आणि रंग फिके पडले, आता महागातली घेऊ का?" थांबा, आधी हे ऐका.

जुन्या व्हीजीएत, म्हणजे कॉम्प्युटर मॉनिटरच्या जुन्या जोडणीत, सिग्नल अॅनालॉग, म्हणजे सलग कमीजास्त होणारा. लांबी वाढली की वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे चित्रातले बारीक तपशील, आधी क्षीण होतात, अक्षरांच्या कडा पसरतात. हे बहुतेकांना माहीत आहे, पुढे जाऊ.

एचडीएमआयमधून जातात शून्य आणि एक. सिग्नल इथेही क्षीण होतोच, पण टीव्हीला शून्य कुठलं, एक कुठलं हे कळतंय तोवर चित्र जसंच्या तसं. कळेनासं झालं की पडद्यावर ठिपके चमकतात, मधेच काळोख होतो, शेवटी 'नो सिग्नल'. फिकं चित्र? नाही. केबल रंग फिके करत नाही!

एकांनी लिहिलंय, "अहो, मला डोळ्यांनी दिसतंय." दिसत असेलच. पण काळा रंग राखाडी दिसत असेल तर सेटिंगमधली आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणते आकडे वापरायचे ते) बघा, एकीकडे 'फुल' आणि दुसरीकडे 'लिमिटेड' असेल. लाल अक्षरांच्या कडा पसरल्या असतील तर सोर्स (चित्र पाठवणारं यंत्र) 4:2:0 वर, म्हणजे रंगाची माहिती कमी करून पाठवण्याच्या पद्धतीवर, गेलाय का बघा. 4के 60 हर्ट्झला पूर्ण रंगासकट सेकंदाला जवळपास 18 गिगाबिट लागतात, 4:2:0 मध्ये त्याच्या निम्मे. म्हणजे रंगाची माहिती सोर्सनेच कमी पाठवली, केबलने वाटेत खाल्ली नाही.

आता खरी केबलची तक्रार कशी असते ते सांगतो. माझ्या प्रोजेक्टरला 15 मीटरची तांब्याची केबल होती. दर काही मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा. दोन दिवस मी प्रोजेक्टरचे मेन्यू उपसत बसलो. मग रिझोल्यूशन 1080पी 60 वर उतरवलं, म्हणजे साडेचार गिगाबिटच्या आसपास, आणि त्याच केबलवर अख्खा सिनेमा न अडखळता चालला. म्हणजे जास्तीचे गिगाबिट त्या केबलला झेपत नव्हते. ही चाचणी फुकट आहे, नवी केबल घेण्याआधी कराच.

पुढे मी ऑप्टिकल एचडीएमआय (प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल) आणली, भिंतीतल्या पाइपातून ओढली, वरून प्लास्टर झालं, आणि चित्रच नाही. या केबलला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'डिस्प्ले', आणि माझी टोकं उलटी गेली होती. भिंत पुन्हा फोडावी लागली. म्हणून कळकळीने सांगतो, केबल आधी जमिनीवर पसरा, दोन्हीकडे जोडा, 4के 60 वर तासभर चालवून बघा, आणि मगच भिंतीत घाला.