आकड्यांची चंची

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय तो असा: ‘कुलपाचे आकडे ठेवायची पिशवी घरी कशी शिवावी’. चाळीस मिनिटं दिलीत, आभारी आहे. समोर बरेचसे आमच्याच धंद्यातले आहात, काही हौसेनं कुलपं उघडणारे आहात, त्यामुळे आकडा म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायचं बारीक पोलादी हत्यार, एवढंच सांगतो. इंग्रजीत त्याला पिक म्हणतात. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात पीक म्हटलं की द्राक्ष आणि कांदाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी आकडाच म्हणतो. आणि कुलपाच्या तोंडात अडकवून पीळ द्यायची ती पिळाची पट्टी.

माझं निम्मं आयुष्य सातपूरला कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं बनवायच्या खात्यात गेलं. तिथं शिकलो की मोजायचं हत्यार आणि कापायचं हत्यार एका खणात ठेवायचं नाही. मायक्रोमीटरला त्याची मखमलीची पेटी, रीमरला त्याची लाकडी खाच. नोकरी संपल्यावर रविवार कारंज्याजवळ कुलूप-चाव्यांचं दुकान टाकलं आणि हा धडाच विसरलो. माझे आकडे कशात होते? मुलाच्या जुन्या कंपासपेटीत. दहा आकडे, चार पट्ट्या, एक कानसपट्टी, सगळं एकावर एक.

जुलै महिना होता. रात्री साडेनऊला फोन आला. गंगापूर रोडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक सूनबाई कचरा ठेवायला बाहेर आली, वाऱ्यानं दार आपटलं आणि लॅच लागलं. आत अकरा महिन्यांचं बाळ पाळण्यात, गॅसवर दूध. नवरा पुण्याला, दुसरी चावी त्याच्या खिशात. मी स्कूटरवर भिजत पोचलो तर लाईट गेलेली. जिन्यात शेजारीपाजारी मोबाईलचे दिवे धरून उभे. दूध करपल्याचा वास दाराच्या फटीतून येत होता. ती पोरगी एवढंच म्हणत होती, “काका, लवकर करा ना.”

कंपासपेटी उघडली. पाऊस सुरू होऊन महिना झाला होता, पेटीच्या तळाला ओल. बारीक आकड्याचं टोक पिळाच्या पट्टीत अडकून बसलेलं. ओढलं तर टोक वाकलं. पक्कडीनं सरळ करायला गेलो आणि ते तुटलं. दुसरा आकडा घेतला, त्याच्यावर गंजाचे खवले. आता पाच पिनांच्या लॅचमध्ये आपण काय करतो? पीळ धरून एकेक पीन उचलतो, आणि ती कुलूप फिरू देणाऱ्या आपल्या रेषेवर बसली की एक अगदी बारीक टिचकी लागते. ती पोलादातून चढत बोटाच्या पेरापर्यंत येते. आकडा गुळगुळीत असेल तरच येते. गंजलेला आकडा पिनेला घासतो, आणि घासलं काय, बसलं काय, बोटाला सारखंच कळतं. शेवटी तिसऱ्या, जरा जाड आकड्यानं काम झालं. दार उघडलं तेव्हा भांडं काळं झालं होतं, घरभर धूर, आणि बाळ शांत झोपलेलं. तिनं धावत जाऊन आधी गॅस बंद केला, मग बाळ उचललं, आणि मग रडली.

शेजारच्या एका गृहस्थांनी वेळ लावला होता. एकवीस मिनिटं. त्यातली कुलपाची फार तर सहा. बाकीची पंधरा माझ्या पेटीनं खाल्ली. ही पंधरा मिनिटं मला आजही लागून राहिली आहेत, आणि मी इथं उभा आहे तो त्यांच्यामुळे.

लोकांना वाटतं, कुलूप उघडणं म्हणजे हातचलाखी. १८५१ साली लंडनमध्ये ए. सी. हॉब्ज या अमेरिकन माणसानं ब्रामा या कुलूपवाल्यांचं प्रसिद्ध कुलूप उघडलं. ते वर्षानुवर्षं दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून मांडलेलं होतं, उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. हॉब्जला ५१ तास लागले, आणि ते सोळा दिवसांत पसरलेले होते. आपण ५१ ही संख्या पाठ करतो. माझं लक्ष त्या सोळा दिवसांकडे जातं. रोज काम थांबवायचं, आणि परत बसल्यावर तेच बारीक काम त्याच नेमकेपणानं पुढं न्यायचं. हत्यारं नीट असल्याशिवाय हे होत नाही.

तर त्या रात्रीनंतर मी आधी बाजारातून चामड्याचा बटवा आणला. दिसायला देखणा. एका पावसाळ्यात आकड्यांवर चट्टे. कमावलेल्या चामड्यात क्षार आणि आम्ल राहू शकतं, त्यात ते ओल धरतं, आणि साधं स्प्रिंगचं पोलाद त्यात महिनोन्‌महिने निजलं की गंजतं. स्पंजाचंही तेच, तो पाणी पितो आणि सोडत नाही.

मग आजीची ट्रंक उघडली तेव्हा तिची चंची सापडली. इथं कुणाच्या घरात पानाची चंची होती? हात वर करा. पाहा, निम्मं सभागृह! पानाला वेगळा कप्पा, सुपारीला वेगळा, काताला वेगळा, चुन्याची डबी बाजूला, वरून झाप, गुंडाळली की नाडी. अंधारात, बैलगाडीत, न बघता आजीचा हात नेमका लवंगेवर जायचा. न्हाव्याची धोकटी आठवा. गावात दारोदार फिरणाऱ्या त्या माणसाचा वस्तरा, कात्री, नराणी, पलाणा, सगळं आपापल्या जागी. आपल्याकडे फिरत्या कारागिराचं घर कापडात आणि चामड्यात शेकडो वर्षं तयार आहे, आणि आपण परदेशी बटव्यांची चित्रं बघत बसतो. आकड्यांना चंचीच हवी, हे माझं म्हणणं. हे मी मिळेल त्याला सांगतो, घरचे कंटाळले आहेत, तुम्ही ऐकताय म्हणून बरं वाटतं. आमच्या आजीची चंची तर—

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली म्हणतात. बरं, आता शिवण. लिहून घ्या.

कापड: जुनी जीन्स किंवा कारखान्याच्या गणवेशाचं ड्रिल. आतून मांजरपाटाचं अस्तर, दोन्ही आधी धुऊन आटवून. माझा आकडा १६ सेंटिमीटर लांब. पाठ १८ सेंटिमीटर, खालून वर दुमडलेला खिसा ९, वरून खाली येणारा झाप ८. झाले ३५, दोन्ही टोकांच्या दुमडीला एकेक, म्हणजे ३७. रुंदीला दहा कप्पे, प्रत्येकी २ सेंटिमीटर, आणि कडेला दोन्हीकडे दीड-दीड, म्हणजे २३. आकड्याची मूठ १२ मिलिमीटर रुंद असेल तर २ सेंटिमीटरचा कप्पा पुरतो. त्याहून सैल केला तर आकडा आत तिरका होतो. पिळाच्या पट्ट्यांना शेवटचे दोन कप्पे ठेवा, त्यांच्या वाकड्या टोकानं आकडे ओरबाडतात.

मूठ खाली, टोक वर. टोक दिसलं पाहिजे, कारण आपण टोक बघूनच आकडा निवडतो. झाप त्यावर पडला की टोक सुरक्षित. सुई १६ किंवा १८ नंबरची, खिशाच्या तोंडाशी दुहेरी टीप, नाहीतर तिथंच उसवतं. नाडी मधोमध नको, एका कडेला शिवा, म्हणजे गुंडाळी सरळ बसते. चुंबक लावू नका. आकडे चुंबकी झाले की कानशीचा कीस टोकाला चिकटतो आणि कुलपात जातो.

कापड नको असेल त्यांनी चष्म्याच्या डबीत जुन्या स्लिपरचा रबरी तळ कापून बसवावा आणि ब्लेडनं चिरा पाडाव्यात. डबी आतून मोजून घ्या, लांब आकडा मावत नाही. दुकानात ठेवायला सागाचा तुकडा. हॅकसॉची चीर साधारण एक मिलिमीटर पडते, त्यात ०.६ मिलिमीटरचा आकडा छान उभा राहतो.

तेल शिवणयंत्राचं, कापडाच्या बोळ्यानं नुसतं पुसल्यासारखं. खोबरेल नको, डिसेंबरात नाशिकला ते गोठतं आणि नंतर चिकट होतं. औषधाच्या बाटलीतली, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी चंचीत टाका, जूनआधी पुडी बदला.

आणि एक कप्पा जादा शिवा, कागदांसाठी. दुकानाचं कार्ड, ओळखपत्र, ज्यानं बोलावलं त्याचा पत्ता आणि सही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १२२ बघा. सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे. आपल्याला बोलावणी रात्रीच येतात. मला एकदा नाक्यावर अर्धा तास थांबवलं होतं, तेव्हा खिशात सुटे आकडे होते. चंची आणि कागद असते तर हवालदारालाही माझं काम समजायला सोपं गेलं असतं.

वेळ संपली. टेबलावर पाच चंच्या ठेवल्यात, एक माझी, बाकी नमुन्याच्या, आणि कापडाचे कापलेले तुकडे आहेत ते घेऊन जा. आकडे काढून बघा, पण ज्या कप्प्यातून काढाल त्याच कप्प्यात ठेवा. उद्या सकाळी मला ते लागणार आहेत.